तलावपाळी ते उत्तन, पायी पायी

आमच्या घरात वारी म्हणजे आळंदीची. मी पण एकदा सासवडपर्यंत चाललोय, दिवेघाटात पाय गेले ते गेलेच. त्यामुळे शेजारच्या मावशी म्हणाल्या की ८ सप्टेंबरच्या सणाला उत्तनला वेलंकनी मातेकडे, म्हणजे येशूच्या आईकडे, चालत जातोय, येतोस का, तर मी विचार न करता हो म्हणून बसलो. मावशी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या जुन्या मराठी ख्रिस्ती, माहेर उत्तनजवळच्या डोंगरीचं, आणि चर्चला त्या चर्च म्हणत नाहीत, देऊळ म्हणतात.

रात्री दहाला तलावपाळीच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चसमोरनं निघालो, बारा-पंधरा जण. निघता निघता मावशींनी सांगितलं की १३२१ साली ह्याच ठाण्यात चार फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या पंथाच्या ख्रिस्ती साधूंना धर्माच्या वादावरून मारलं, त्यांच्या सोबतच्या जॉर्डानसने त्यांना सोपाऱ्याला नेऊन पुरलं आणि नंतर ओडोरिक नावाचा एक साधू आला तो त्यांची हाडं घेऊन थेट चीनला गेला. मी मनात हिशोब केला, माउलींची समाधी १२९६ ची, म्हणजे पंचवीसच वर्षं झालेली! पोर्तुगीज यायला अजून पावणेदोनशे वर्षं होती आणि तरी ते साधू उतरले होते इथल्याच एका ख्रिस्ती कुटुंबाकडे. शाळेपासून ठाण्यात राहतोय, कोणी सांगितलं नव्हतं.

घोडबंदर रोडबद्दल काय बोलायचं, मेट्रोचे पत्रे, खड्डे, पाऊस, बाजूने ट्रेलर. पण रोझरीची, म्हणजे त्यांच्या जपमाळेची लय धरली की पाय आपोआप पडतात, एकजण पुढे 'नमो मरिया' म्हणतो, बाकीचे उरलेलं म्हणतात, अगदी आपल्या अभंगाच्या ध्रुपदासारखं. मी ओठ हलवत होतो आणि डोक्यात हरिपाठ चालला होता, देवाला चालत असावं. गायमुखला चहा. घोडबंदरचा किल्ला अंधारात दिसलाच नाही, मराठ्यांनी तो १७३७ ला पोर्तुगीजांकडून घेतला आणि दोन वर्षांनी चिमाजी अप्पांनी वसई.

भाईंदर ओलांडलं की मुर्धा, राई, मोर्वा, आणि बाजूला मिठागरं, उजाडलेलं होतं, माझ्या डाव्या टाचेला एव्हाना फोड. वाटेतल्या एका गावात देऊळ उघडं दिसलं तसे आम्ही आत शिरलो. अशी देवळं मी बाईकवरनं शंभरदा पाहिली असतील, पांढरी भिंत आणि वर क्रूस, संपलं. पण रात्रभर चालून आत गेलं ना की पहिल्यांदा कळतो तो गारवा. भिंत हातभर नाही, चांगली दोन-अडीच हात जाड, काळा दगड आणि चुना. मावशींचा भाचा सिव्हिलवाला आहे, तो म्हणाला एवढी जाडी उगाच नाही, उतरतं कौलारू छप्पर भिंतीला बाहेर ढकलतं, ते तिने पेलायचं असतं. आणि मधे एकही खांब नाही, म्हणून देऊळ लांबीला कितीही वाढतं पण रुंदीला नाही, सागाची तुळई जेवढी मिळेल तेवढीच रुंदी! समोरची दर्शनी भिंत मुद्दाम छपराच्या वर चढवलेली असते, लांबून बघणाऱ्याला कौलं दिसत नाहीत, राजवाडा वाटतो. ही मंगलोरी कौलं पण पोर्तुगीजांची नाहीत, १८६० नंतरची, त्याआधी आपली साधी गावठी नळीची. आल्तारापुढची, म्हणजे पूजेच्या वेदीपुढची कमान मात्र दगडी, उजेड उंच खिडक्यांतून फक्त तिकडेच पडत होता आणि आम्ही बाकावर बसून नुसते तिकडे बघत होतो. (खरं सांगायचं तर मी दहा मिनिटं झोपलो.)

बाहेर वेशीवर एक दगडी क्रूस, हार घातलेला. असे क्रूस १८९६ च्या प्लेगमध्ये मुंबईभर गावोगाव उभे केले, साथ गावात शिरू नये म्हणून. मला आपला वेशीवरचा मारुती आठवला. मावशी म्हणाल्या, वसई पडल्यावर पाद्री गेले पण लोक कुठे जाणार, देवळं त्यांचीच होती, गोव्याहून पाद्री आले आणि चाललं पुढे. आणि ईस्ट इंडियन हे नाव तर फारच अलीकडचं, १८८७ ला व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी घेतलेलं, ईस्ट इंडिया कंपनीच्या नावावरनं!

साडेदहाला उत्तनला पोचलो. समुद्राचा वारा, सुकत टाकलेल्या मासळीचा वास, रांग भलतीच मोठी. दर्शन घेऊन बाहेर टेकलो आणि घंटा वाजली, तेव्हा मी मावशींना सांगितलं की वाईजवळ मेणवलीच्या घाटावर एक घंटा आहे, वसईच्या चर्चची, अप्पांच्या विजयानंतर तिकडे गेलेली, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू कोरलेत आणि ती टांगलीय हिंदूंच्या देवळाजवळ. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, पाय चोळत बसल्या. मग म्हणाल्या, "जाऊ की एकदा बघायला. पण एसटीने हां, चालत नाही."