मांगराच्या जमिनीतली ओल: माझा अनुभव

कुडाळ तालुक्यातल्या आमच्या बागेत जांभ्याच्या चिऱ्यांचा एक लहान मांगर आहे आणि त्यात आम्ही अवजारे, खताची पोती व वाळवलेली काजूबी ठेवतो. त्याची मूळची जमीन मातीची, चोपण्याने चोपून शेणाने सारवलेली होती. ती दरवर्षी नव्याने करावी लागे, म्हणून मी तिच्यावर सिमेंटचा कोबा घालून घेतला आणि पुढच्याच आषाढात युरियाच्या पोत्यांचा तळ दगडासारखा घट्ट झाला, तर कोयत्यांवर गंज चढला.

पुन्हा खर्च करण्यापूर्वी ही ओल नेमकी कुठून येते हे ठरवणे आवश्यक होते, कारण दमट हवेतली वाफ गार कोब्यावर साचली तरी जमीन तशीच ओली दिसते. दोन फूट लांबरुंद प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर पसरून त्याच्या चारही कडा मी चिकटपट्टीने बंद केल्या आणि एक दिवस-रात्र तो तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी वरची बाजू कोरडी होती आणि खालच्या बाजूला थेंब जमले होते, त्यामुळे पाणी जमिनीतूनच वर चढत होते याविषयी शंका उरली नाही. कोबा घट्ट दिसला तरी त्यात सूक्ष्म छिद्रे असतात आणि ओल्या मातीतले पाणी दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे त्यांतून वर येते.

तरीही पहिले काम मी मांगराच्या बाहेर केले, आणि तेच सर्वांत महत्त्वाचे होते असे माझे ठाम मत आहे. छपराच्या पागोळ्या थेट जोत्याच्या कडेला पडत होत्या आणि मागच्या चढावरचे पाणी भिंतीशी येऊन मुरत होते. छपराला पन्हळ लावली आणि मागच्या बाजूला दीड फूट खोल चर खणून पाणी उताराकडे वळवले. जिथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे एवढे केल्याशिवाय आतले कोणतेही काम टिकणार नाही.

आतले काम चैत्रात केले. कोबा फोडून नऊ इंच माती काढली, तळ धुमसाने ठोकला आणि त्यावर चार इंच जाडीची मोठी खडी भरली, कारण खडीतल्या मोकळ्या जागांमुळे पाण्याचे वर चढणे तुटते. खडीच्या टोकांनी प्लास्टिक फाटू नये म्हणून वर वाळूचा थर दिला, २५० मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा कागद अंथरला, जोडावर तो एक फूट एकमेकांवर घेतला आणि भिंतीलगत सहा इंच वर वळवला. कागदावर काँक्रीट ओतताना घमेले घेऊन जाणाऱ्यांना मी अनवाणी चालायला सांगितले; गवंड्याला ते अनावश्यक वाटले, पण कागदाला एक भोक पडले तरी ओल तिथूनच वाट काढते. काँक्रीटवर आळी करून सात दिवस पाणी साठवले.

गेल्या पावसाळ्यात जमीन कोरडी राहिली. फक्त उंबऱ्याजवळ, जिथे कागद चार बोटे आखूड पडला होता, तिथे हातभर लांबीचा ओलसर पट्टा दिसला. पोती आम्ही आजही लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून ठेवतो, कारण चिऱ्यांतून चढणारी ओल जमिनीखालच्या कागदाने थांबत नाही.