हातात किती आले?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असे चिटणीसांनी फोनवर सांगितले. शाळेविषयी लिहायचे म्हणजे माझ्या हातून बाईंविषयीच लिहिले जाणार. आपल्या शाळेत नुसते 'बाई' म्हटले की गणिताच्या बाई. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

वार्षिक परीक्षा संपली की आमच्या वर्गातली बरीच मुले आंब्याच्या कामाला जायची. सातवीच्या सुट्टीपासून मीही एका बागायतदाराच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये, जाऊ लागलो. गडी झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबे उतरवत, बायका वर्गवारी करत. पेटीच्या तळाला गवत पसरणे, फळ्या धरणे आणि रंगाने मार्का उठवणे ही आम्हा पोरांची कामे. "देठ मोडू नको रे, चीक डोळ्यात उडतलो," हे दिवसभर कानावर. दिवसाला दोन रुपये, वर डागी आंबे खाल तेवढे. आज त्या वयाच्या मुलाला असे ठेवले तर कायदा आड येतो आणि तो यायलाच हवा. मे महिन्यात दुपारी त्या पत्र्याखाली बसून बघा.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा 'आमच्या मालकांची पेटी मुंबईत सगळ्यांत चढ्या भावाने गेली' अशा फुशारक्या मी वर्गात मारत होतो. बाईंनी ते ऐकले. "पट्टी बघितलीस का? नाही ना? मग मालकांकडून एखादी जुनी मागून आण."

आणली. पट्टी म्हणजे विकलेल्या मालाचा दलालाकडून येणारा हिशेबाचा कागद. तेव्हा माल मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटला जाई, वाशीचा बाजार खूप नंतर. बाईंनी फळ्यावर पेटीचा भाव लिहिला आणि एकेक ओळ वजा करत खाली उतरल्या: ट्रकचे भाडे, हमाली, दलाली, टपालखर्चसुद्धा. मग म्हणाल्या, "आता कागदावर नाही ते सांगा." खोका, खिळे, गवत, फवारणी, राखणदार. आमचे दोन रुपये वजा झाले तेव्हा वर्ग हसला, बाई हसल्या नाहीत. घंटा होऊन गेली, मधल्या सुट्टीत दुसऱ्या वर्गातली पोरे खिडकीला लटकली, वजाबाकी चालूच. शेवटी एवढेच म्हणाल्या, "भाव बाजारात सांगायचा. घरी सांगायचे ते हातात किती आले."

माझी सुट्टीची कमाई शाळेतल्या मुलांच्या बचत बँकेत, संचयिकेत, गेली. संचयिका बाई चालवत, म्हणजे शेजारी खुर्ची टाकून बसत. पैसे घेणारी, वही लिहिणारी मुलेच. एका रुपयाचा फरक निघाला तर तो सापडेपर्यंत कुणी घरी जात नसे.

पुढे ठाण्याला एका कारखान्यात हिशेब विभागात लागलो. 1988 साली किसान विकास पत्रे निघाली, साडेपाच वर्षांत दुप्पट. ती घेऊन गणपतीला गावी आलो आणि मोठ्या ऐटीत बाईंना सांगायला गेलो. त्यांनी लाडू पुढे केला आणि विचारले, "दुप्पट होतील ते छानच. पण तेव्हा पेटी कितीला असेल रे?"

महागाईवर नंतर पुष्कळ वाचले, पण एवढ्या थोडक्यात कुणी सांगितले नाही. तेव्हापासून दर अक्षय्य तृतीयेला डायरीत शिल्लक लिहितो आणि शेजारी त्या वर्षीचा पेटीचा भाव. मुलगा फोनवर म्युच्युअल फंडाचा परतावा दाखवतो, तेव्हा मी त्यांचा खर्च विचारतो, मग कर, मग डायरी काढतो. सूनबाई एकदा म्हणाल्या, "बाबा, नक्की फंड घ्यायचाय की आंबे?" हॉटेलचे बिल मी ओळीने वाचतो, त्या वेळी आमची सौभाग्यवती दुसरीकडे बघते. पण डोंबिवलीच्या घराचे कर्ज मुदतीआधी फिटले आणि दोन्ही मुलांची शिक्षणे कुणापुढे हात न पसरता झाली, हे तीही मान्य करते.

आता लाकडी खोके जाऊन पुठ्ठ्याचे आले. आंबा थेट गिऱ्हाइकाच्या दारात जातो आणि पैसे फोनवर येतात. बागायतदाराचे त्यात भलेच आहे, पण पोरांच्या नजरेला पट्टी पडत नाही. गेल्या वर्षी शाळेत डोकावलो तेव्हा संचयिकेच्या खोलीत संगणक होते आणि ती कधी बंद झाली हे कुणाला नीट सांगता आले नाही.

बाई आज असत्या तर या स्मरणिकेच्या छपाईचा हिशेबही त्यांनी आठवीच्या पोरांकडूनच करून घेतला असता. मुख्याध्यापकांना विनंती आहे की संचयिका पुन्हा सुरू करावी. वह्या, शिक्के, कुलपाची पेटी, जो काही खर्च येईल तो मी देतो. फक्त खर्चाची पावती मुलांनी लिहून मला पाठवावी.