घ्यावी की नाही ते कोणीच सांगेना

गाडी तपासायचे १२० पौंड मोजले, चार पानी रिपोर्ट आला, खालून-वरून काढलेले ढीगभर फोटो आले, आणि एवढं झाल्यावर मी त्या मेकॅनिकला सरळ विचारलं की तू माझ्या जागी असतास तर घेतली असतीस का. तर तो हात पुसत म्हणतो, "डिपेंड्स, लव्ह." (लव्हचं मनावर घेऊ नका, इकडे मँचेस्टरच्या बाजूला बस ड्रायव्हरपासून पोस्टातल्या बाईपर्यंत सगळे लव्हच म्हणतात.) कशावर डिपेंड्स विचारलं तर म्हणे, तुला कशासाठी हवीय, किती वर्षं ठेवायचीय त्यावर. अरे, तेवढं मला माहिती असतं तर तुझ्याकडे कशाला आले असते? तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून हे लिहितेय.

गाडी म्हणजे माझदा एमएक्स-५. २००१ ची, १.८ लिटर, निळी, दोनच सीट, कापडी छत हाताने मागे ढकललं की उघडी. ९४ हजार माइल झालेले आणि मागत होता २,७५० पौंड, म्हणजे आपले तीन लाख धरा. घरच्या ग्रुपवर फोटो टाकला तर मामाचा पहिला मेसेज, "माझदा म्हणजे तो टेम्पो ना?" त्याचंही चूक नाही, स्वराज माझदाच्या मिनीबसमधून सहलीला गेलेली आमची पिढी, आणि माझदाने आपल्याकडे स्वतःच्या नावाने कार कधी विकलीच नाही. तर मामा, ही गाडी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा दाखवली. जुन्या लोटस एलानसारख्या छोट्या इंग्लिश गाड्या डोळ्यांसमोर ठेवून जपान्यांनी बनवली, फक्त ऑइल न गळणारी आणि सकाळी वेळेवर स्टार्ट होणारी. २०१६ मध्ये दहा लाखावी बाहेर पडली, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये एवढी दुसरी कुठलीच खपलेली नाही. त्यामुळे जुन्या भरपूर मिळतात, पार्टही मिळतात, आणि जुन्या पोर्शे बॉक्स्टरसारखं इंजिनातलं एक बेअरिंग कधी जाईल या भीतीने झोप उडत नाही. हिचं इंजिन मरत नाही. पत्रा मरतो.

आता ज्याचं मला खरोखर अप्रूप वाटलं ते. इथे कुठल्याही गाडीचा नंबर सरकारी साइटवर टाकला की तिच्या सगळ्या एमओटी समोर येतात. फुकट. लॉगिन नाही, ओटीपी नाही, मालकाला विचारायला नको. एमओटी म्हणजे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी करायची तपासणी, आणि २००५ पासूनचं रेकॉर्ड तिथे पडलेलं असतं: पास की नापास, कशामुळे नापास, त्या दिवशी मीटरवर किती माइल होते, म्हणजे मीटर मागे फिरवून विकणं अवघड. शिवाय ॲडव्हायजरी, म्हणजे आत्ता पास करतोय पण इथे लक्ष ठेवा. मला याचं व्यसनच लागलंय. रात्री अंथरुणात पडून लोकांच्या गाड्यांचे आजार वाचत बसते, शेजाऱ्याच्या गाडीचे ब्रेक कधी गेले होते तेही मला माहितीये, त्याला माहिती नाही की मला माहितीये. या निळीचं असं होतं की २०१९ मध्ये डाव्या सिलला, म्हणजे दरवाज्याखालच्या पत्र्याच्या लांब पोकळ पेटीला गंज, ॲडव्हायजरी. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. २०२२ मध्ये त्याच गंजापायी नापास, मग आठवड्याच्या आत पास, आणि तिथून पुढे सगळं एकदम स्वच्छ. मी म्हटलं वा, दुरुस्त करून घेतली बुवा कोणीतरी.

आपल्याकडे एमपरिवहन आहे, नाही असं नाही. नंबर टाकला की रजिस्ट्रेशन कधीचं, इन्शुरन्स आहे का, पीयूसी आहे का सगळं मोबाइलवर दिसतं. इथे त्या गाडीवर कोणाचं कर्ज बाकी आहे का एवढं बघायला खासगी कंपनीला पैसे मोजावे लागतात, सरकार सांगत नाही. हे मी ऑफिसात मुद्दाम दोघा-तिघांना ऐकवलं. पण खासगी गाडीच्या खाली वाकून बघायचं म्हणाल तर आपल्याकडे पहिली १५ वर्षं कोणी बघत नाही हेही खरं. आणि इथे गाडी ४० वर्षांची झाली की एमओटी माफ, म्हणजे सगळ्यात म्हातारीला कोणी तपासायचंच नाही, हे कुठलं शहाणपण ते विचारू नका.

गंज काय करतो ते मला कोणी शिकवायची गरज नाही, मी रत्नागिरीची. खाऱ्या वाऱ्याने बाबांच्या पद्मिनीचा मागचा फ्लोअर दोनदा बदलायला लागला होता आणि आमच्या अंगणातली सायकल एका पावसाळ्यात लाल व्हायची. पण तिकडे समुद्र स्वतः येऊन गंजवतो. इथे माणसं गंजवतात. चेशरमध्ये विन्सफर्डला जमिनीखाली मिठाची मोठी खाण आहे, १८४४ पासूनची, आणि थंडीत बर्फ धरू नये म्हणून तिथलं मीठ रस्त्यावर टाकतात, कैरीच्या फोडींना चोळावं तसं सढळ हाताने. ते चाकांनी उडतं आणि गाडीखाली जिथे कोपरा मिळेल तिथे जाऊन बसतं. एमएक्स-५ चं त्यात आणखी एक आहे. छतावरून येणारं पाणी सीटच्या मागे दोन भोकांतून खाली सोडलेलं असतं, त्यात पालापाचोळा अडकला की पाणी सिलमध्ये शिरतं. मग बाहेरून मीठ आणि आतून पाणी.

विकणारा मॅकल्सफील्डचा एक रिटायर्ड मास्तर. फार सज्जन माणूस. गाडी २०२३ मध्ये घेतलेली, आधीच्या मालकांपासूनची सगळी बिलं फाइलमध्ये तारखेवार लावलेली, कॅमबेल्ट बदलल्याचं बिलसुद्धा. फक्त इंजिनाबद्दल जे काही सांगायचं ते माझ्या नवऱ्याकडे बघून सांगत होता, आणि नवऱ्याला बॉनेट कुठून उघडतं हेही माहिती नाही, तो आपला मान हलवत उभा. टेस्ट ड्राइव्हला मात्र किल्ली मी घेतली. मॅकल्सफील्डहून बक्सटनकडे जाणारा ए५३७ रस्ता, कॅट अँड फिडल म्हणतात त्याला, नुसती वळणं आणि दोन्हीकडे मोकळं माळरान. छोटी गाडी, जेमतेम टनभर वजन, गिअर मनगटाने पडतो. आंबा घाटात मी बाबांच्या शेजारी बसून त्यांचा गिअर बघत शिकलेय, तर त्या दिवशी जे काय वाटलं ते इथे लिहीत नाही, नाहीतर गाडी घ्यायचीच होती असं तुम्ही म्हणाल. तिथे सगळीकडे ॲव्हरेज स्पीडचे कॅमेरे आहेत, ५० माइलच्या वर जायचं नाही, आणि तरी.

मग तपासणी. मास्तर स्वतः गाडी घेऊन गॅरेजला आला आणि पेपर वाचत बसला. आधी इंजिन: चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळपास सारखं, गिअरबॉक्स छान, छताचं कापड ठीक. मी मनात गाडी पार्कसुद्धा केली होती. मग गाडी लिफ्टवर वर गेली आणि मेकॅनिकने आम्हाला दोघांना खाली बोलावलं. सिलवर काळं अंडरसील, म्हणजे गंज धरू नये म्हणून मारायचा थर, मारलेलं, एकसारखं चकचकीत. तो हातातल्या छोट्या हातोडीसारख्या अवजाराने पुढून मागे ठोकत गेला. टण, टण, टण, टण. मागच्या चाकाच्या वीतभर अलीकडे आला आणि थप. पुन्हा ठोकलं. थप. नखाने काळा थर खरवडला तर खाली पुट्टी. कोणीतरी पत्रा न कापता भोकावर पुट्टी लिंपून वर काळा रंग फासला होता. दुसऱ्या बाजूला तितकं नाही, पण तेच. पाण्याच्या नळीत तार घातली तर पानांचा काळा लगदा बाहेर आला, त्याच्यासोबत दोन गोगलगायी. मग पुढे. इंजिनाच्या खालून जाणारे दोन रेल असतात, ज्यावर पुढचा सगळा भार, त्यातला डावा फुगलेला आणि पापुद्रे सुटलेले. या मॉडेलला अपघातात टिकावं म्हणून पुढचा रेल आतून दुहेरी केलाय, त्या दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी जातं आणि बाहेर येत नाही, म्हणून तो आतून सडतो आणि बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

मास्तर हळूच म्हणाला, "पण एमओटी तर पास झाली." मेकॅनिक म्हणाला, एमओटी करणारा ठोकून बघू शकतो, पण काही खोलून बघायची परवानगी त्याला नाही, वर थर असला की असंच होतं. मास्तरचा चेहरा बघवेना. त्यालाही तशीच गळ्यात मारली होती कोणीतरी. आणि माझी ती लाडकी साइट, तिच्यातली ती तीन स्वच्छ वर्षं म्हणजे तो काळा रंग.

इथे मी तो प्रश्न विचारला आणि इथे ते डिपेंड्स आलं. मला याचा राग का येतो ते सांगते. बाबांचा फिटर बॉनेटवर कान ठेवायचा, एकदा खाली वाकायचा आणि म्हणायचा, "साहेब, नको." संपला विषय. रिपोर्ट नाही, फोटो नाही, चहा पिऊन घरी. आता तो दोन्हीकडून कमिशन खायचा असं आई अजून म्हणते आणि असेलही, पण त्याने नको म्हटलेली गाडी बाबांनी घेतली नाही आणि हो म्हटलेली पद्मिनी वीस वर्षं चालली. निकाल द्यायला जबाबदारी घ्यावी लागते. इथे सगळं कसं नीट, मोजून, लेखी, आणि शेवटचा एक शब्द मात्र तुमचा तुम्ही. डॉक्टरही असेच, हे पर्याय आहेत, तुम्हाला काय वाटतं? मला वाटतंय म्हणून मी आलेय का! नवऱ्याचं म्हणणं की हाच आदर आहे, तो तुला लहान मूल समजत नाही. असेल. पण आदरासाठी १२० पौंड जरा जास्त झाले. बरं, खर्चाचा आकडा विचारला तेव्हा कुठलंही डिपेंड्स न म्हणता पटकन आला: रेलचे १,२००, दोन्ही सिलचे मिळून ९००, वर व्हॅट.

बाबांना फोटो पाठवले. व्हिडिओ कॉलवर चष्मा वर करून बघितले आणि म्हणाले, "अगो, इंजिन चांगलंय ना? मग पत्र्याचं काय, कापायचा नि दुसरा लावायचा." आई मागून, "तिकडे रोज पाऊस ना, मग छत उघडणार कधी?" बाबांना कसं सांगू की इथे वेल्डिंगवाला तासाला सत्तर-ऐंशी पौंड घेतो. रत्नागिरीत असते तर त्यांच्याच सल्ल्याने घेतली असती, आठवडाभर गॅरेजवाल्याच्या डोक्यावर बसून काम करून घेतलं असतं आणि पाडव्याला हार घालून फिरवली असती. इथे हिशोब असा: २,१०० वर २० टक्के व्हॅट, झाले २,५२०, अधिक गाडीचे २,७५०, म्हणजे ५,२७० पौंड. आणि कापल्यावर आत अजून काय निघेल ते वेगळं. त्यात विकणारा खासगी. डीलरकडून घेतली आणि सदोष निघाली तर २०१५ च्या ग्राहक कायद्यानुसार पहिल्या ३० दिवसांत परत करता येते, मास्तरांसारख्याकडून घेतली तर तो हक्क नाही, जे वर्णन केलं तसं असलं पाहिजे आणि गाडी त्याची असली पाहिजे, बाकी बघायचं काम तुमचं.

मी १,२०० म्हटलं. रिपोर्टची कॉपीही त्याला दिली, फुकट, माझ्या पैशाने केलेली, हे नमूद करते. मास्तरने थँक यू म्हटलं, विचार करतो म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी अगदी गोड भाषेत कळवलं की नाही जमणार. पुढच्या शनिवारी गाडी गेली. कितीला ते कळलं नाही, मी विचारलंही नाही.

नवरा म्हणतो दीड हजार म्हणायला हवं होतं, दिली असती त्याने. त्याला बोलायला काय जातं, हप्ता मी भरते. आणि दोन सीटच्या गाडीत मुलाला कुठे बसवणार होतो, रुफरॅकवर? हे आधी सुचलं नव्हतं असं नाही, पण आता बोलायला बरं पडतंय. शिवाय पुढचा रेल म्हणजे गंमत नाही, धडकलो तर तोच वाचवणार. पाच हजारांत याच्या पुढचं मॉडेल येतं, २००५ नंतरचं, त्यालाही गंज धरतो पण निदान चारएक वर्षांनी तरुण. बघतेय.

परवा निळीचा नंबर साइटवर टाकला, पाठच झालाय आता. मेमध्ये एमओटी झालीये. पास. ॲडव्हायजरी एकच, मागच्या डाव्या टायरची. मोबाइल नवऱ्याच्या हातात गेला आणि त्याने नुसतं "बघ" म्हटलं. मी म्हटलं, नव्या मालकाने काळ्याचा अजून एक हात मारला असणार, पुढच्या मेला बघू.