तुम्ही विचारलंत म्हणून: पेशंटला बाहेर नेऊन करता काय?

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून कामांतूनच उपचार करणारी, आहे म्हटलं की पेशंटच्या घरचे हमखास विचारतात, "मॅडम, बागेत खणायला लावता, फिरायला नेता, ते तर आम्हीही करू. यात उपचार कुठला?"

प्रश्न रास्त आहे. पण नैराश्यात रुतलेल्या माणसाला "जरा बाहेर पड, बरं वाटेल" हे सगळ्यांनी सांगून झालेलं असतं, तरी तो उठत नाही. आपल्या लेखी फिरून येणं हे एक काम. त्याला मात्र अंथरूण सोडणं, कपडे बदलणं, चपला शोधणं, वाटेत कुणी भेटलं तर बोलणं, हे सगळं वेगवेगळं पेलावं लागतं. त्यातलं कुठलं अडतंय, हे आम्ही आधी बघतो. पुष्कळदा पाय धड असतात, अडतं ते शेजाऱ्याच्या "बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत?" पाशी. मग सुरुवात वर्दळ नसलेल्या वेळी, नुसती फाटकापर्यंत.

एका गृहस्थांचे हात औषधांमुळे थरथरायचे. झारी भरून दिली की पाणी सांडायचं आणि ते ओशाळायचे. मग मी ती अर्धीच भरून द्यायला लागले. पुढे एके दिवशी वाफ्याशी वाकून म्हणाले, "ही दोन रोपं फार जवळ लागलीत, एक उपटायला हवं." किती तरी महिन्यांत त्यांनी स्वतःहून घेतलेला तो पहिला निर्णय होता. घाम गाळण्यापेक्षा मला हे मोलाचं वाटतं. (घामाचा फायदा आहेच, आणि सकाळच्या उजेडाने झोपेचं घड्याळही जागेवर येतं.)

यात नवं काही नाही. इंग्लंडमध्ये यॉर्कला विल्यम ट्यूकने 1796 साली काढलेल्या 'रिट्रीट' या मनोरुग्णांच्या संस्थेत साखळदंडांऐवजी बागकाम आणि शेतकाम होतं. पुढे मोठमोठ्या मनोरुग्णालयांनी उपचाराच्याच नावाखाली रुग्णांना शेतात, धुलाईघरात फुकट राबवलं, हेही खरं. म्हणून काम सुचवताना मी स्वतःला विचारते, याची गरज पेशंटला आहे की संस्थेला?

घरच्यांनी जरूर न्यावं बाहेर. फक्त औषधं कुठली चालू आहेत ते बघा. लिथियम (मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध) घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं तर रक्तातलं लिथियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. क्लोरप्रोमाझिनवर (भास-भ्रमांवरचं औषध) असलेल्याची कातडी उन्हात लवकर भाजते. तेव्हा भर दुपारी नको, पाण्याची बाटली बरोबर हवी, आणि गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.