दर गुरुवारी बंद पडणारं वायफाय

पुण्यात धायरीतल्या एका बंगल्यातून फोन आला, तोच मुळी "आमचं नेट दर गुरुवारी जातं" म्हणून. नेट स्लो आहे, रात्री जातं, पावसात जातं, हे घरोघरी नेट दुरुस्त करण्याच्या आमच्या कामात रोजचं. वार सांगणारा ग्राहक क्वचितच भेटतो. काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेट गेलं त्या तारखांना लाल फुल्या मारून ठेवल्या होत्या. दोन महिन्यांच्या पानांवर सगळ्या फुल्या गुरुवारच्या आडव्या ओळीत. एकदोन शुक्रवारी होत्या, पण त्या आदल्या दिवशीचं दुखणं पुढे चालू राहिल्याच्या.

पुण्याच्या बऱ्याच भागांत देखभालीच्या कामासाठी गुरुवारी वीज बंद ठेवतात, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. म्हणजे कारण विजेशी जोडलेलं होतं, इतकं दारातच कळलं. पण वीज सकाळी जाऊन दुपारी येते. नेट मात्र रात्रीपर्यंत येत नव्हतं, आणि तेही काही उपकरणांवरच. काकूंच्या फोनवर चालू, काकांच्या फोनवर बंद. टीव्हीवर चालू, वरच्या खोलीत सूनबाईंच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर बंद. पुढच्या गुरुवारी नेमकं उलटं.

कंपनीचा माणूस येऊन गेला होता. त्याने ओएनटी, म्हणजे हॉलमधली फायबरची पेटी, बदलली. पॅच कॉर्ड, म्हणजे तिला जोडणारी छोटी फायबर वायर, तीही बदलली. वर दोनशे एमबीपीएसचा प्लॅन घ्या असा सल्ला दिला. खरं तर जुन्या पेटीतही दोष नव्हता. आमच्या मीटरवर प्रकाशाची पॉवर उणे १९ डीबीएम दिसत होती. घरगुती फायबरला उणे २७ पर्यंत चालून जातं, त्यामुळे इथे बोट ठेवायला जागाच नव्हती. लॉसचा लाल दिवा बंद, इंटरनेटचा हिरवा चालू. फायबर घरापर्यंत नीट येत होती. जे बिघडत होतं ते घराच्या आत.

अशा वेळी स्पीड टेस्ट लावून काही हाती लागत नाही. एक चालू फोन आणि एक बंद फोन शेजारी ठेवायचे आणि दोघांचे पत्ते बघायचे. अँड्रॉइडवर वायफायच्या नावापुढच्या चाकावर दाबलं की खाली आयपी ॲड्रेस (त्या फोनचा नेटवर्कमधला पत्ता) आणि गेटवे (इंटरनेटकडे जायच्या दाराचा पत्ता) दिसतो. काकूंच्या फोनवर पत्ता १९२.१६८.१.२३ आणि गेटवे १९२.१६८.१.१. काकांच्या फोनवर १९२.१६८.०.१०४ आणि गेटवे १९२.१६८.०.१. वायफायचं नाव एकच, पासवर्ड एकच, आणि पत्ते दोन वेगळ्या गल्ल्यांतले: तिसरा आकडा बघा, काकू एकच्या गल्लीत, काका शून्याच्या. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग ऑलची आज्ञा दिली. त्यात डीएचसीपी सर्व्हरच्या, म्हणजे पत्ता वाटणाऱ्याच्या, ओळीत १९२.१६८.०.१ असंच आलं. पत्ता कधी मिळाला आणि कधी संपणार यांतलं अंतर दोन तासांचं. हॉलमधली पेटी चोवीस तासांसाठी पत्ता देत होती. तेव्हा दोन तासवाला कोणीतरी दुसराच होता.

तो दुसरा वरच्या मजल्यावर कपाटावर सापडला. फायबर येण्याआधीच्या केबल कनेक्शनचा जुना राऊटर. वर रेंज पोचत नाही म्हणून हॉलमधल्या पेटीतून एक केबल वर नेऊन याला जोडली होती. कोणीतरी ती निळ्या वॅन पोर्टऐवजी (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठीचा) पिवळ्या लॅन पोर्टमध्ये (घरातल्या उपकरणांसाठीचा) घातली होती आणि वायफायचं नाव-पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवलं होतं. ही जोडणी चुकीची नाही, उलट अशा घरात हीच योग्य. फक्त एक गोष्ट राहिली: वरच्या राऊटरचं पत्ते वाटणं, म्हणजे डीएचसीपी, बंदच केलं नव्हतं.

फोन वायफायला जोडला गेला की तो आख्ख्या नेटवर्कला विचारतो, मला पत्ता कोण देतं? जो आधी उत्तर देईल, साधारण त्याचा पत्ता तो घेतो. देणाऱ्याकडे इंटरनेट आहे का, हे तो तपासत नाही. एकाच दवाखान्यात दोन कंपाउंडर आपापल्या वहीतून नंबर वाटत असावेत, तसा हा प्रकार. वरच्याकडून नंबर मिळालेला फोन बाहेरचं सगळं १९२.१६८.०.१ कडे पाठवणार, आणि त्याच्या वॅन पोर्टमध्ये तर वायरच नाही. म्हणून 'कनेक्टेड, नो इंटरनेट'.

मग गुरुवारच का? याचं उत्तर इलेक्ट्रिशियनने दिलं, म्हणजे त्याच्या वायरिंगने. वरच्या खोलीतला बोर्ड इन्व्हर्टरवर होता, हॉलमधल्या टीव्हीमागचा बोर्ड नव्हता. वीज गेली की खालची पेटी बंद आणि वरचा राऊटर चालू. खालच्या वायफायवरचे फोन तुटायचे आणि त्याच नावाच्या वरच्या वायफायला चिकटायचे. तिथे ते सवयीप्रमाणे आधीचाच पत्ता मागायचे. वरचा राऊटर म्हणायचा, हा पत्ता माझ्या यादीतला नाही, हा घे नवा. अशा रीतीने तीन-चार तासांत घरातली बरीचशी उपकरणं शून्याच्या गल्लीत राहायला जायची.

दुपारी वीज आली तरी ती परत का येत नव्हती, हा यातला खरा चिवट भाग. पत्त्याची अर्धी मुदत झाली की उपकरण तो वाढवून मागतं, पण सगळ्यांना विचारून नव्हे. ज्याने दिला त्यालाच थेट विचारतं. दोन तासांची मुदत म्हणजे दर तासाला विचारणा, आणि वरचा राऊटर दर तासाला हो म्हणतोय. हे चक्र आपण होऊन तुटत नाही. कस्टमर केअर सांगायचं, दोन्ही बंद करा, आधी खालचा चालू करा, पाच मिनिटांनी वरचा. त्या पाच मिनिटांत पत्ते वाटणारा एकच असल्याने सगळे मुकाट एकच्या गल्लीत येत. पुढे दर बारा तासांनी ते खालच्या पेटीलाच विचारत, म्हणून बुधवारपर्यंत सगळं सुरळीत. नेट आलं की तक्रार बंद. रीस्टार्टने दरवेळी गुण येत असल्यामुळेच या घरात मुळाशी कोणी गेलं नाही.

दोन खुणा मात्र वार न बघता दिसत होत्या. पाहुणे आले की एकाला नेट मिळायचं, दुसऱ्याला नाही, पासवर्ड दोघांचा तोच. आणि काकांचा दिवसाचा मोबाइल डेटा घरात बसूनच संपायचा. वायफायवर इंटरनेट नाही असं दिसलं की बरेच फोन गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतात.

गुरुवारची वाट बघायची गरज नव्हती. फक्त हॉलमधला स्विच बंद केला, वरचा राऊटर चालू ठेवला. काकूंचा चांगला चाललेला फोन मिनिटभरात १९२.१६८.०.१०६ दाखवायला लागला. स्विच चालू केला, पेटीने फायबर पकडून लॉगिन व्हायला दोनतीन मिनिटं घेतली, फोन शून्यातच. दोष असा हवा तेव्हा उभा करता आला की निम्मं काम झालं.

दुरुस्तीत क्रम महत्त्वाचा आहे. सुरुवात खालच्या पेटीपासून. तिचे पत्ते २ पासून २५४ पर्यंत सरसकट वाटले जात होते. ते २० ते २०० केले आणि २ ते १९ हे ठरावीक उपकरणांसाठी मोकळे ठेवले. हे न करता वरच्या राऊटरला २ क्रमांक दिला असता, तर उद्या तोच एखाद्या फोनलाही मिळाला असता.

मग वरचा राऊटर. आधी त्याची खालून आलेली केबल काढायची. एका छोट्या वायरने लॅपटॉप त्याच्या लॅन पोर्टला लावायचा, लॅपटॉपचं वायफाय बंद ठेवायचं आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडायचं (टाइप करताना आकडे अर्थातच इंग्रजी). पासवर्ड कोणालाच आठवत नव्हता, त्यामुळे मागच्या भोकात पिन घालून दिवे एकदम लुकलुकेपर्यंत, साधारण दहा सेकंद, दाबून रिसेट केला. रिसेटने वायफायचं नावही मूळचं होतं, ते तळाच्या स्टिकरवर छापलेलं असतं.

आत गेल्यावर आधी वायफायचं नाव आणि पासवर्ड खालच्याशी अक्षरन् अक्षर जुळवले, सुरक्षा डब्ल्यूपीए-२ आणि एईएस. कॅपिटल-स्मॉलचा फरक पडला तरी फोन त्याला वेगळं नेटवर्क समजतो. मग लॅनचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२, मास्क २५५.२५५.२५५.०. राऊटर स्वतःच रीस्टार्ट झाला, लॅपटॉपला एकच्या गल्लीतला पत्ता मिळाला, आणि १९२.१६८.१.२ वर पुन्हा लॉगिन केलं. डीएचसीपी बंद करायचं ते यानंतर, सर्वांत शेवटी. बरेच जण ते आधी करतात. मग लॅपटॉपला पत्ता द्यायला कोणी उरत नाही, तो स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतो आणि राऊटरचं पान उघडत नाही. तसं झालंच, तर लॅपटॉपला हाताने राऊटरच्याच गल्लीतला पत्ता द्यायचा, उदाहरणार्थ १९२.१६८.०.५०, की पान उघडतं.

शेवटी खालून आलेली केबल परत पिवळ्या पोर्टमध्ये. निळ्या पोर्टमध्ये घातली असती तरी गुरुवारचं प्रकरण मिटलं असतं, पण वरचा मजला वेगळं नेटवर्क झाला असता. खालचा प्रिंटर वरच्या लॅपटॉपला सापडला नसता, वरच्या फोनवरून हॉलमधल्या टीव्हीवर काही दाखवता आलं नसतं. नव्या राऊटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड नावाचं एकच बटण असतं, ते हे सगळं एका दमात करतं. या जुन्यात ते नव्हतं.

वायफायचे चॅनेल, म्हणजे रेडिओ लहरींचे पट्टे, पाहिले तर खालचा आणि वरचा दोघेही ६ वर, शेजारचे तिघेही ६ वर. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ एवढेच. खालच्याला १, वरच्याला ११ दिला, रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवली. ४० केली की कागदावर वेग दुप्पट दिसतो आणि दाट वस्तीत प्रत्यक्षात नेट अडखळतं.

दोनशेच्या प्लॅनबद्दलही काकांशी बोलणं झालं. वरच्या राऊटरचे पोर्ट शंभर एमबीपीएसचे आहेत. त्यातून चाचणीत ९४-९५ च्या पुढे काही जात नाही, प्लॅन कितीचाही घ्या. सूनबाईंना जास्त वेग खरंच लागला तर पैसे गिगाबिट, म्हणजे हजार एमबीपीएसच्या, पोर्टच्या राऊटरवर घालायचे, आणि केबलच्या आठही तारा दोन्ही टोकांना जोडलेल्या आहेत ना ते बघायचं. चारच जोडलेल्या असल्या तर नवा राऊटरही शंभरवरच अडतो.

कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, म्हणजे त्यांचं चित्रण साठवणारं यंत्र, मात्र अजून ऑफलाइन. त्यात कॅमेरेवाल्याने जुन्या कनेक्शनच्या काळात १९२.१६८.०.१५० असा पत्ता हाताने भरून ठेवला होता. फायबर आल्यापासून परदेशातल्या मुलाला घर दिसत नव्हतं, आणि हॉलच्या टीव्हीवर चित्र येत असल्याने इथे कोणाला ते कळलंच नव्हतं. डीव्हीआरला १९२.१६८.१.१० दिला, गेटवे आणि डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारा) दोन्हीकडे १९२.१६८.१.१ भरलं. डीएनएस रिकामं राहिलं तर बाकी सगळं बरोबर असूनही तो ऑनलाइन येत नाही. मुलाने फोनवरून पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून थेट डीव्हीआरपर्यंत यायची वाट उघडायला सांगितलं, पण खालच्या पेटीच्या वॅनच्या पानावर १०० ने सुरू होणारा पत्ता होता, दुसरा आकडा ७० च्या घरातला. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते कंपनी अनेक ग्राहकांत मिळून वापरते. बाहेरून थेट आपल्या घरावर कोणाला येताच येत नाही, त्यामुळे पोर्ट उघडून उपयोग शून्य. डीव्हीआरवरचा क्यूआर कोड ॲपमध्ये स्कॅन करून काम झालं. त्याआधी त्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला.

मग हॉलचा स्विच पुन्हा बंद. आता फोन वरच्या वायफायला जोडायला जात, पत्ता मिळत नाही म्हणून सुटत, आणि खालची पेटी उठली की सगळे एकच्या गल्लीत. ज्यांच्याकडे शून्यातला जुना पत्ता शिल्लक होता, त्यांचं वायफाय एकदा बंद-चालू केलं. टीव्हीचा प्लग काढून घातला.

खालची पेटीही इन्व्हर्टरवर आणायला सांगितली, नाहीतर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावायला. व्होल्ट अडॅप्टरइतकेच हवेत, अँपिअर तितके किंवा जास्त चालतात, पिनची जाडी जुळली पाहिजे. गल्लीतल्या फायबरच्या स्प्लिटरला, म्हणजे एक फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या डबीला, वीज लागत नाही, त्यामुळे घरातली पेटी जिवंत असली तर वीज गेल्यावरही नेट बहुतेक वेळा चालू राहतं. हे काम मुद्दाम शेवटी ठेवलं. आधी केलं असतं तर गुरुवारच्या फुल्या थांबल्या असत्या, पण पत्ते वाटणारे दोघे तसेच राहिले असते आणि पाहुण्यांची रड चालूच राहिली असती.

एक धोका उरतो. वरचा राऊटर कोणी परत रिसेट केला तर डीएचसीपी आपोआप चालू होतं आणि पत्ता पुन्हा शून्याच्या गल्लीत जातो. म्हणून त्याच्या भोकावर चिकटपट्टी लावली आणि पाठीवर कागद चिकटवला: पत्ता १.२, डीएचसीपी बंद, केबल पिवळ्या पोर्टमध्ये, रिसेट केल्यास आधी केबल काढा.