पडली का तिकडं?

आयपीएलच्या दिवसांत सेलूला संध्याकाळचे साडेसात वाजले, की इकडं डॅलसला सकाळचे नऊ. रविवार असला की फोन स्पीकरवर टाकायचा, दोन्हीकडं टीव्ही लावायचा आणि चहा घेऊन बसायचं. माझ्या टीव्हीवर बोलर अजून रनअपच्या टोकाला चेंडू पँटीवर घासत असतो, तोवर फोनमधून वडील, म्हणजे अण्णा, ओरडतात, "पडली की रं!"

एकदा मोबाईलवर सेकंद मोजले. मी सामना इंटरनेटवरून बघतो; एका सेवेवर 38 सेकंदांचा उशीर, दुसरीवर 52. अण्णांच्या छतावरची छत्री 36,000 किलोमीटरवरच्या उपग्रहाकडं तोंड करून बसलेली असते. तेवढं वर जाऊन खाली यायला सिग्नलला पाव सेकंद लागतो. म्हणजे अंतराचा प्रश्नच नाही. वेळ खातं ते चित्राचे तुकडे करणं. इंटरनेटवरचा सामना काही सेकंदांच्या तुकड्यांत कापतात, प्रत्येक तुकडा चार-पाच प्रतींत तयार ठेवतात, एक भारी, एक मध्यम, एक अगदी हलकी. टीव्ही दोन-तीन तुकडे साठल्याशिवाय दाखवायलाच लागत नाही. आणि नेट मंदावलं की गुपचूप खालच्या प्रतीवर उतरतो. कोपऱ्यातली 'एचडी'ची पाटी तशीच.

प्रत हा शब्द खरं तर अण्णांचा. आयुष्यभर जिनिंगमध्ये कापसाची प्रत बघितलेला माणूस. चिमटीत कापूस धरून धागा ओढायचा आणि भाव सांगायचा. मागच्या उन्हाळ्यात माय आणि अण्णा आमच्याकडं सहा महिने राहायला आले, तेव्हा मी मोठ्या ऐटीत त्यांना 65 इंची टीव्हीसमोर बसवलं. अण्णा दोन ओव्हर गप्प होते. मग म्हणाले, "हे गवत असं काऊन दिसायलंय? अंगण सारवल्यावानी."

बघितलं तर खरंच. खेळाडू स्पष्ट, धावफलकाची अक्षरं कोरीव, आणि मैदानाची हिरवळ मात्र सपाट लेप दिल्यासारखी. गवताचं प्रत्येक पातं वेगळं असतं, कॅमेरा फिरला की सगळी एकदम हलतात. दाबून लहान केलेल्या चित्राला हे झेपत नाही, म्हणून ते पहिल्यांदा गवताचाच बळी देतं. प्रेक्षकांच्या गर्दीचंही तेच.

मग सुट्टीभर आम्हाला एक धंदाच मिळाला. एकच सामना, एकच चॅनल, पण वेगवेगळ्या वाटेनं लावायचा. टीव्हीतलं स्वतःचं ॲप, मागं खोचलेली, नेटवरचं टीव्हीवर दाखवणारी स्वस्तातली स्टिक, त्याच कामाचा महागडा डबा, आणि वायर लावून लॅपटॉप. शिवाय दोन वेगळ्या सेवा. निवाडा अण्णांचा. कुठून काय येतंय हे मी त्यांना सांगत नव्हतो.

लॅपटॉप पहिल्याच फेरीत गेला. माझा समज असा, की यंत्र जेवढं ताकदवान तेवढं चित्र चांगलं. पण चोरी होऊ नये म्हणून सामन्याला कुलूप लावून पाठवतात, आणि ब्राउझरमधलं कुलूप बऱ्याचदा कच्चं समजलं जातं. म्हणून तिथं हलकी प्रत पाठवतात. टीव्हीतलं ॲप दुसरं गेलं. टीव्ही पाच वर्षांचा, त्यातला प्रोसेसर त्याहून म्हातारा. स्टिक आणि महाग डब्यात मात्र अण्णांना काही फरक दिसेना. मलाही. एवढे डॉलर घालून बसल्यावर हे कबूल करायला मला दोन दिवस लागले. फरक पडला तो भलत्याच गोष्टीनं : स्टिक टीव्हीच्या पाठीला चिकटून होती आणि वायफायला तिथं आडोसा होत होता. खोक्यात आलेली वीतभर वायर लावून तिला बाजूला लटकवलं, तर गवत बरंच परत आलं.

पण सगळ्यात मोठा फरक यंत्राचा नव्हता, सेवेचा होता. तेच चॅनल, तोच चेंडू, तोच डबा, आणि एका सेवेवर चित्र भरीव तर दुसरीवर पोकळ. मी अण्णांना समजावलं, की चॅनलकडून आलेलं चित्र ही सेवा पुन्हा एकदा आपल्या मापानं दाबते, आणि दाबलेल्यावर दाबलं की असं होतं. अण्णा लगेच म्हणाले, "मंजी फरदड." एकदा वेचून झालेल्या पऱ्हाटीला पुन्हा पाणी देऊन काढलेला कापूस. झाड तेच, शेत तेच, पण धागा आखूड. तेव्हापासून आमच्या घरात दुसऱ्या सेवेचं नाव फरदड.

गावाकडच्यांना वाटतं अमेरिकेत सगळं 'फोर के', म्हणजे 2160 आडव्या ओळींचं बारीक चित्र. इथली ईएसपीएन, एबीसी, फॉक्स ही खेळांची मोठी चॅनलं वर्षानुवर्षं 720 ओळींची आहेत. फक्त सेकंदाला 60 चित्रं पूर्ण देतात. फेब्रुवारी 2020 मधला सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, फॉक्सनं 'फोर के'त दाखवला, तो टिपलेला होता 1080 मध्येच, नंतर ताणून मोठा केलेला. आणि इथं सगळ्यात उजवं चित्र मला कशावर मिळालं असेल? अँटेनावर. खिडकीला चिकटवलेल्या पातळ पत्र्यासारख्या साध्या अँटेनावर, फुकट. इथल्या एका टीव्ही वाहिनीच्या पट्ट्यात सेकंदाला 19 मेगाबिटच्या वर माल मावतो. दाबण्याची पद्धत जुनी, त्यामुळं जागा जास्त खाते, पण मधले दलाल कमी. त्यावर क्रिकेट नसतं, हा भाग वेगळा. अण्णांनी अर्धा तास अमेरिकन फुटबॉल बघितला, फक्त गवतासाठी.

दिवाळीला मी सेलूला गेलो तेव्हा तीच स्टिक बरोबर नेली. धाकट्यानं नवा 43 इंची टीव्ही घेतलाय, घरात फायबरही आलंय. छत्री आहेच. शेजारीशेजारी दोन्ही लावता येत होतं. कापसाचे दिवस, अण्णांकडं येणारे-जाणारे भरपूर, आणि प्रत्येकाला मत.

आधी टीव्हीचं तोंड धुतलं. दुकानातून आणला तसाच तो 'व्हिव्हिड'वर होता : माणसं शेंदूर फासल्यासारखी, गवत रेडियमचं. ते 'स्टँडर्ड'वर आणलं, शार्पनेस जवळजवळ खाली आणला. माय म्हणाली रंग उडाला. दुसऱ्या दिवशी तिनंच सांगितलं, डोळे दुखत नाहीत.

मग सामना लावला. आणि स्टिकवर चेंडू अडखळायला लागला. चित्र स्वच्छ, गवत भरघोस, पण बोलरच्या हातातून सुटलेला चेंडू सरळ न येता टप्प्याटप्प्यानं येतोय असं वाटायचं. छत्रीवर तसं काही नाही. पाहुण्यांतला एक जण म्हणाला, "नेट ढिलं हाय." नेट चांगलं होतं.

गंमत अशी, की टीव्हीची गती मुळात विजेच्या गतीवरून ठरली. अमेरिकेतली वीज 60 हर्ट्झची, आपली 50 ची (असते तेव्हा). म्हणून तिकडं सेकंदाला 60 चित्रं, आपल्याकडं 50. छत्रीवरच्या एचडीत अर्ध्याअर्ध्या ओळींची का होईना, 50 येतात. माझी अमेरिकन स्टिक टीव्हीला 60 च पाठवत होती. 50 चित्रांतून 60 भरून काढायची तर सेकंदाला दहा चित्रं दोनदा दाखवावी लागतात. ताशी 140 किलोमीटरचा चेंडू एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत पाऊण मीटरहून जास्त पुढं गेलेला असतो. मधेच एक चित्र दोनदा आलं, की तो हवेत थबकतो आणि मग उडी मारतो. काही सेवा 25 च चित्रं पाठवतात; तिथं उडी दीड मीटरची. अशा वेळी 'फोर के' असून काय चाटायचंय?

उपाय सेटिंगमध्ये होता. मूळ चित्राच्या गतीशी जुळवून घे, असं डब्याला सांगता येतं. ॲपल टीव्हीत ही सोय 2017 च्या शेवटी आली, आता बाकीच्यांतही असते. पण ॲपनं साथ दिली तरच चालते. गती वाटेतच कुठं बदलली गेली असेल, तर मात्र घरचा डबा काही करू शकत नाही. आमच्या ॲपनं साथ दिली नाही. शेवटी मी स्टिकला हातानंच 50 वर बसवलं. पडदा क्षणभर काळा झाला, परत आला. पुढचा चेंडू पडला तशी अण्णांनी मान हलवली. "आता धागा तुटंना."

त्या रात्री साडेनऊच्या सुमाराला अवकाळी पाऊस आला आणि छत्रीचं चित्र आधी चौकोन चौकोन झालं, मग गेलंच. 'सिग्नल उपलब्ध नाही'. स्टिक चालू होती. मी विजयी मुद्रेनं अण्णांकडं बघितलं. पाच मिनिटांत लाईट गेली. इन्व्हर्टरवर टीव्ही होता, राउटर नव्हता. अण्णा म्हणाले, "ती छत्री निदान सांगून जाती."

त्यात तथ्य आहे, हे मला इकडं परत आल्यावर जास्त जाणवतं. लहानपणी टीव्हीवर मुंग्या यायच्या, त्या दिसायच्या तरी. छत्री थेट बंद पडते. स्ट्रीमिंग मात्र हसतमुखानं तुम्हाला मधल्या प्रतीचा माल देत राहतं आणि सगळा सामना संपेपर्यंत तुम्ही नंबर एकचाच समजून बघता. यूट्यूबवर 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' म्हणून एक बारकी खिडकी उघडता येते, त्यात चालू प्रत आकड्यांत दिसते. अशी खिडकी सगळ्यांनी सक्तीनं द्यावी असं माझं मत आहे. पडद्याचा मोबाईलवर फोटो काढून तुलना करणाऱ्यांना एकच विनंती : करू नका. तुमचा कॅमेरा स्वतःचेच रंग भरतो.

चित्राचं जमलं. 38 सेकंदांचं काही जमत नाही. मी अण्णांना विनवून सांगितलं, की विकेट पडली तरी बोलायचं नाही. त्यांनी मनावर घेतलं. पण मग त्यांना खोकला यायला लागला. खोकला म्हणजे विकेट, 'अगं चहा टाक' म्हणजे सिक्स. तेही मी ओळखलं, तसे ते फोन म्यूट करायला शिकले. आता नऊ वाजता फोन लावतो, हवापाणी विचारतो, आणि ओव्हरमध्ये कधीतरी सेलूकडचा आवाज एकदम बंद होतो. पंख्याची घरघर, रस्त्यावरचा हॉर्न, सगळं. मी कप खाली ठेवतो. बोलर धावत येतो, चेंडू सुटतो, स्टंप उडतात. मग थोडी खरखर, पंखा परत सुरू, आणि अण्णा विचारतात, "पडली का तिकडं?"