सुख टोचतंय, दुसरं काय!

आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी सिनेमा दाखवतात. निवडीची पाळी फिरती असते. माझी पाळी आली तेव्हा मी दिग्दर्शक फेदेरिको फेलिनीचा 'ला दोल्चे विता' ठरवला. तो कृष्णधवल आहे, जवळजवळ तीन तासांचा आहे आणि इटालियन आहे. यातलं फक्त शेवटचं मी व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, कारण इटालियन म्हटलं की लोकांना पिझ्झा आठवतो आणि ते येतात. आले. सव्वीस जण होते. मध्यंतरात वडे संपले तेव्हा चौदा उरले. दिवे लागले तेव्हा आम्ही नऊ, आणि त्यातही ए विंगचे काका मान खाली घालून घोरत होते.

पहिलं मत काकांनीच दिलं. डोळे चोळत म्हणाले, "सुख टोचतंय यांना, दुसरं काय!"

काका बँकेतून निवृत्त झालेले. काकू गेल्यापासून एकटेच असतात. मध्यंतरी मुलाकडे अमेरिकेत सहा महिन्यांसाठी म्हणून गेले आणि चार महिन्यांतच परत आले. का, ते कोणी विचारलं नाही. सिनेमात झोपत असले तरी हिशेबाला जागे असतात. "तो मार्चेलो पेपरात कुचाळक्या लिहिणार, त्याला पगार तो किती? आणि फिरतो ट्रायम्फच्या उघड्या गाडीतून. पेट्रोल कोण घालतं?" या सिनेमावर मी बरंच काही वाचलंय, पण पेट्रोलचा मुद्दा कुठल्याच समीक्षकाने काढलेला मला आठवत नाही. वास्तविक तो बिनतोड आहे. रात्रभर रोम पालथं घालणारा हा माणूस घरी जाऊन बघावं तर खोल्या धड लावलेल्यासुद्धा नाहीत.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट सांगायची तर पंचाईत आहे, कारण गोष्ट अशी नाहीच. मार्चेलोला लेखक व्हायचंय. तोवर तो नटनट्यांच्या आणि सरदार-दरकदारांच्या भानगडी छापून पोट भरतो. एका रात्री एका श्रीमंत बाईबरोबर, दुसऱ्या रात्री परदेशातून आलेल्या नटीमागे, मग कुठल्या तरी जुन्या वाड्यातल्या पार्टीत. प्रत्येक रात्रीला एक पहाट जोडलेली. ती आली की सगळ्यांची तोंडं उतरलेली, रंग पुसलेले. लग्नघरात दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवाखाली जे दिसतं, तसं काहीतरी.

काकांचं मत ऐकून मला गंमत वाटली ती वेगळ्याच कारणाने. इटलीत हाच सिनेमा पहिल्यांदा लागला तेव्हा कोणाला झोप आली नव्हती. ५ फेब्रुवारी १९६० या दिवशी मिलानच्या कापितोल चित्रपटगृहात खेळ झाला आणि प्रेक्षक खवळले. फेलिनीच्या अंगावर कोणीतरी थुंकलं. मार्चेलोचं काम करणाऱ्या मास्त्रोयानीला भेकड, भटक्या आणि कम्युनिस्ट अशा तीन शिव्या एका दमात मिळाल्या. तिसरीचा संबंध काय, हे मला अजून उमगलेलं नाही. व्हॅटिकनच्या 'लोसेर्व्हातोरे रोमानो' या दैनिकाने 'बास्ता!' म्हणजे 'बस्स करा!' असा मथळा दिला. दुसऱ्या एका लेखात नावाचं विडंबन करून 'ला स्कोंचा विता', गलिच्छ आयुष्य, असं म्हटलं. मिलानमधल्याच काही जेझुइट पंथाच्या कॅथलिक धर्मगुरूंनी सिनेमाची बाजू घेतली, तर ते वरिष्ठांच्या रोषाला पात्र झाले. पादुआच्या एका चर्चच्या दारावर आपल्याला काळ्या चौकटीत स्वतःचं नाव दिसलं, अशी आठवण फेलिनी सांगत असे. या पापी माणसाच्या उद्धारासाठी प्रार्थना करा, असा त्यातला मजकूर! स्पेनमध्ये तर हा सिनेमा कित्येक वर्षं दाखवू दिला नव्हता.

एवढी जाहिरात फुकटात झाल्यावर जे व्हायचं तेच झालं. थिएटरांबाहेर रांगा लागल्या. त्याच वर्षी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. ते देणाऱ्या परीक्षक मंडळाचा अध्यक्ष होता जॉर्ज सिमनाँ, रहस्यकथा लिहिणारा.

तेव्हाच्या मिलानकरांना ज्या पार्टीचा संताप आला, ती पडद्यावर चालू असताना आमच्या क्लबहाउसमधली माणसं वड्याबरोबरची चटणी संपली का, याची चौकशी करत होती. यात आम्ही सुधारलो की निबरलो, मला ठरवता येत नाही. पण मिलानचा राग समजू शकतो. युद्ध संपून पंधराच वर्षं झाली होती. भुकेचे दिवस लोकांना आठवत होते. आता कुठे कारखाने जोरात चालू लागलेले, दारात छोटी फियाट येऊ घातलेली. त्या उन्हाळ्यात रोमला ऑलिंपिकही भरणार होतं. घरात पहिल्यांदाच गोडधोड शिजायला लागावं आणि पहिला घास घेताना कोणी म्हणावं, यानं पुढे मळमळतं बरं का! थुंकणार नाही तर काय करणार?

गोडावरून आठवलं. 'दोल्चे विता' म्हणजे शब्दशः गोड आयुष्य. फेलिनीने ते तिरकस अर्थाने म्हटलं होतं. आता हेच शब्द जगभर उपाहारगृहांच्या पाट्यांवर आणि सहलींच्या जाहिरातींत मिरवतात. आपल्याकडे एखाद्या मिठाईच्या दुकानाला 'मधुमेह' नाव द्यावं, तसा हा प्रकार.

आणि मग ते कारंजं. सिनेमा न पाहिलेल्यांनाही ते ठाऊक असतं. काळ्या झग्यातली नटी अनिता एकबर्ग रोमच्या त्रेवी कारंज्याच्या पाण्यात उतरते आणि मार्चेलोला हाक मारते. आमच्याकडे मध्यंतराआधीच उठून गेलेल्या एकाने घरून ग्रुपवर विचारलं, "कारंज्याचा सीन झाला का? होताना कॉल करा." तो होऊन गेला होता. हे चित्रीकरण झालं १९५९च्या थंडीत. एकबर्ग स्वीडनची, तिला त्या पाण्याचं काहीच वाटलं नाही, तासन्‌तास उभी राहिली. मास्त्रोयानीने कपड्यांच्या आत पाणबुड्याचा रबरी पोशाख चढवला होता आणि तरीही कुडकुडत व्होडका ढोसली, असं फेलिनी रंगवून सांगायचा. म्हणजे जगातल्या सर्वांत मादक समजल्या जाणाऱ्या प्रसंगातला नायक आतून रबराचा आणि चांगलाच झिंगलेला. ज्यांनी नुसतं पोस्टर पाहिलंय त्यांना माहीत नसतं की तिथे पुढे काहीच होत नाही. त्याचा हात तिच्या चेहऱ्याजवळ जातो, टेकत नाही, आणि कारंज्याचं पाणीच बंद होतं. उजाडलेलं असतं. एक पोऱ्या सायकल धरून या दोघांकडे बघत उभा असतो. मला त्या पोऱ्याचं मत ऐकायला फार आवडलं असतं.

मी हा सिनेमा तीनदा पाहिला. बावीस वर्षांची असताना पुण्यात फिल्म सोसायटीच्या खेळाला, लोखंडी खुर्चीवर. तेव्हा माझं मत काकांहून फार निराळं नव्हतं, फक्त मी ते 'अस्तित्ववादी रितेपण' अशा शब्दांत मांडलं. मनातून मला त्या पार्ट्यांना जायचं होतं. अमेरिकन समीक्षक रॉजर एबर्टने लिहून ठेवलंय की सिनेमा बदलत नाही, पाहणारा बदलतो. तरुणपणी त्याला जे आयुष्य हवंहवंसं वाटलं, त्याचीच पुढे प्रत्येक वेळी वेगळी चव लागली. मला यात थोडी भर घालावीशी वाटते. प्रेक्षक या सिनेमातलं एक माणूस आपलं म्हणून उचलतो आणि मग अख्ख्या सिनेमाबद्दल त्या माणसाच्या वतीने भांडतो.

दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी एम्मा उचलली होती. एम्मा म्हणजे मार्चेलोच्या घरात राहणारी, त्याची वाट बघणारी, तो गाडी चालवत असताना त्याला केळं भरवणारी. बहुतेक समीक्षक तिला चिकट, गळेपडू म्हणून निकालात काढतात. मार्चेलोही भर रस्त्यात, रात्री, तिला गाडीतून उतरवतो. "अख्ख्या सिनेमात एकटीच विचारते, जेवलास का," मावशी म्हणाल्या, "आणि तीच म्हणे डोक्याला ताप!" पहाटे तो परत येतो. ती तिथेच, हातात रानफुलं घेऊन उभी असते. मावशींना ती फुलं अजिबात पटली नाहीत. "मी असते तर दगड घेऊन उभी राहिले असते."

बी विंगमधल्या चिन्मयने स्टाइनर उचलला. तो पहिल्या वर्षाला आहे, त्या वयात तोच उचलतात. स्टाइनर हा मार्चेलोचा आदर्श. ऑर्गन वाजवतो, घर पुस्तकांनी भरलेलं, दोन गोड मुलं. पावसाचा आणि पाखरांचा आवाज टेपवर ध्वनिमुद्रित करून पाहुण्यांना ऐकवतो. या सगळ्या पोकळ माणसांत हा एक भरीव, असं वाटत असतानाच तो दोन्ही मुलांना मारून स्वतःला संपवतो. का, ते फेलिनी सांगत नाही. चिन्मयला वाटलं की नीट पाहिलं तर खुणा सापडतात. मला वाटतं नाही सापडत.

त्या मृत्यूपेक्षा मला पुढचा प्रसंग असह्य होतो. स्टाइनरची बायको बसमधून उतरून घराकडे येते, तिला अजून काहीच माहीत नाही, आणि फोटोग्राफर माश्यांसारखे घोंगावत तिचे फोटो काढू लागतात. ती हसून विचारते, मी काय नटी वाटले का तुम्हांला? मार्चेलोच्या मित्राचं, यातल्याच एका फोटोग्राफरचं, नाव पापारात्सो. नामवंतांच्या मागे लागणाऱ्या फोटोग्राफरांना आपण 'पापाराझी' म्हणतो ते त्याच्यावरूनच आलं.

दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मी पस्तिशीत होते आणि घरी लॅपटॉपवर पाहिला. त्या वेळी माझं माणूस सापडलं, पण तोपर्यंत त्याच्याकडे माझं लक्ष नव्हतं. मार्चेलोचे वडील. गावाकडून अचानक येतात. पोराच्या पार्ट्या, मित्र, सगळं त्यांना बघायचंय. तो त्यांना नाइटक्लबात नेतो. म्हातारा खुलतो, शॅम्पेन मागवतो, एका नाचणाऱ्या मुलीला गोष्टी सांगतो. मार्चेलो कौतुकाने मित्राला म्हणतो की लहानपणी हे सतत फिरतीवर असायचे, मला कधी दिसलेच नाहीत. वडील त्या मुलीबरोबर तिच्या घरी जातात आणि तिथे त्यांच्या छातीत कळ येते. मार्चेलो धावत पोचतो तेव्हा ते खिडकीजवळ खुर्चीत बसलेले असतात, पाठमोरे. वळत नाहीत. मला पहिली गाडी गाठायचीय, एवढंच.

आमचे अप्पा सांगलीहून यायचे. शेंगा, गूळ आणि एक रात्र, यापेक्षा जास्त कधी आणलं नाही त्यांनी. एकदा मी त्यांना मैत्रिणींबरोबर जेवायला बाहेर नेलं. त्यांनी आम्हां सगळ्यांसाठी हट्टाने आइस्क्रीम मागवलं आणि कॉलेजात असताना नाटकात केलेल्या बाईच्या भूमिकेची हकीकत साग्रसंगीत सांगितली. मी ती जन्मात ऐकलेली नव्हती. पहाटे चारला बघते तर अप्पा सदरा घालून, पिशवी मांडीवर घेऊन गॅलरीतल्या खुर्चीत. माझ्याकडे पाठ. "अप्पा, एक दिवस राहा की." "नको. स्वारगेटवरून पहिली गाडी गाठतो." रात्री काही झालं नव्हतं. निदान मला काही सांगितलं नाही. लॅपटॉपवर ती खुर्ची दिसली आणि मी सिनेमा थांबवून स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसला.

क्लबहाउसमध्ये यातलं काही मी बोलले नाही. चर्चा शेवटच्या दृश्यावर अडकली होती. रात्रभराची धिंगाणा-पार्टी संपवून ही मंडळी सकाळी समुद्रावर जातात. कोळ्यांच्या जाळ्यात एक अवाढव्य मासा आलेला असतो, डोळा सताड उघडा. मध्ये पाण्याची एक पट्टी, आणि पलीकडून पाओला नावाची पोर मार्चेलोला हातवारे करून काहीतरी सांगत असते. लाटांच्या आवाजात त्याला ऐकू येत नाही. सिनेमाची सुरुवातही अशीच आहे. ख्रिस्ताचा पुतळा लटकवलेल्या हेलिकॉप्टरमागून दुसऱ्या हेलिकॉप्टरमध्ये बसलेला मार्चेलो गच्चीवरच्या बायकांचे फोन नंबर मागतो आणि पंख्यांच्या घरघरीत कोणाला कोणाचं कळत नाही.

ती पोर काय म्हणत होती, यावर आमच्यात एकमत झालं नाही. चिन्मय म्हणाला, ती त्याला पलीकडे बोलावतेय. कोणी म्हणालं, टायपिंगची खूण करतेय, मागे एकदा तिने टायपिंग शिकायचंय असं सांगितलं होतं ना. मावशींच्या मते ती विचारत होती, हा मासा कितीला. वॉचमनने दोनदा दिवे बंद करून चालू केले, तेव्हा कुठे आम्ही खुर्च्या आवरल्या.

मंगळवारी संध्याकाळी लिफ्टमध्ये काका भेटले. पुढची पाळी त्यांची आहे. सिनेमा ठरला का, असं मी विचारलं. अजून नाही म्हणाले. चौथ्या मजल्याला लिफ्ट थांबली, ते बाहेर पडले आणि दार एका हाताने धरून उभे राहिले.

"त्या पोराचे वडील होते ना, खिडकीशी बसलेले. मला तिथेच डोळा लागला. त्यांना गाडी मिळाली का हो?"

"टॅक्सीत बसून स्टेशनवर गेले," मी म्हटलं.

"थांबवलं नाही पोरानं?"

"थांबवत होता. त्यांनी ऐकलं नाही."

"हं," काका म्हणाले आणि त्यांनी दार सोडलं.